प्लग-इन हायब्रिड एसयूव्ही: टेंभुर्णीच्या पुढे काय?

सोलापुरातून अक्कलकोट साधारण ४० किलोमीटर, तुळजापूर ४५, पंढरपूर ७०च्या पुढे आणि पुणे २५०. महागड्या प्लग-इन हायब्रिड एसयूव्हींची तुलना करायची तर अश्वशक्ती आणि सनरूफच्या आधी ही चार अंतरं कागदावर मांडावीत, असं माझं ठाम मत आहे. प्लग-इन हायब्रिड म्हणजे भिंतीतल्या प्लगवर चार्ज होणारी बरीच मोठी बॅटरी आणि सोबत पूर्ण ताकदीचं इंजिन. बॅटरी भरलेली असताना ही गाडी एक असते, बॅटरी संपली की दुसरीच. ब्रोशर मात्र दोघींचा मिळून एकच आकडा छापतं.

बीएमडब्ल्यूची एक्सएम बघा. ४.४ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, वजन २.७ टन, आणि ती २०२२मध्ये आली तेव्हाच्या, युरोपातल्या डब्ल्यूएलटीपी या अधिकृत चाचणीनुसार पेट्रोलचा खप १०० किलोमीटरला १.५ ते १.६ लिटर. म्हणजे लिटरला साठच्या वर! चाचणीत लबाडी नसते. गाडी आधी भरलेल्या बॅटरीवर चालवतात, मग उतरलेल्या बॅटरीवर, आणि मालक एकूण किती अंतर विजेवर कापेल याचं एक प्रमाण गृहीत धरून दोन्हींची सांगड घालतात. मेख त्या गृहीतकात आहे. स्वच्छ वाहतुकीवर संशोधन करणारी आयसीसीटी आणि जर्मनीची फ्राउनहोफर या संस्थांच्या २०२२च्या अभ्यासात युरोपातले खासगी मालक निम्म्याहून थोडं कमी, ४५ ते ४९ टक्के अंतर विजेवर कापताना दिसले. कंपनीने दिलेल्या गाड्यांमध्ये हे प्रमाण अवघं ११ ते १५ टक्के होतं. इंधनाचं बिल कंपनी भरते, मग रोज रात्री केबल कोण लावणार? युरोपीय आयोगाने २०२४मध्ये गाड्यांमधूनच गोळा केलेली आकडेवारी मांडली. त्यात प्लग-इन हायब्रिडमधून प्रत्यक्षात निघणारा कार्बन डायऑक्साइड कागदावरच्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघाला. केबल लावलीच नाही, तर आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

लावली तर मात्र चमत्कार वाटावा असं काही घडतं. बीएमडब्ल्यू एक्स५च्या '५०ई' मॉडेलच्या बॅटरीत वापरता येईल अशी २५.७ युनिट वीज मावते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते, म्हणजे ही अख्खी बॅटरी तीन लिटर पेट्रोलएवढीही नाही. तेवढ्या पेट्रोलवर एवढी मोठी एसयूव्ही हायवेला फार तर ३५ किलोमीटर जाईल. विजेवर तीच गाडी ८०-९० जाते. कारण इंजिन पेट्रोलमधली बहुतांश ऊर्जा रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता म्हणून घालवतं, तर मोटर ९० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा चाकाला देते. शिवाय ब्रेक लावताना मोटरच जनरेटर होते. अडीच टनांची गाडी ताशी ६०वरून थांबवताना सुमारे ०.१ युनिट ऊर्जा सोडते आणि तिचा मोठा हिस्सा बॅटरीत परत येतो. नवी पेठेच्या गर्दीत हे दिवसातून कितीदा घडत असेल!

आता एक्स५ आणि व्होल्वो एक्ससी९० शेजारी ठेवू. एक्स५मध्ये मोटर गिअरबॉक्समध्येच बसवली आहे. त्यामुळे सहा सिलिंडरचं इंजिन असो वा मोटर, ताकद एकाच वाटेने चारही चाकांना जाते. व्होल्वोने निराळा विचार केला. पुढची चाकं दोन लिटरच्या इंजिनाकडे, मागची मोटरकडे, मध्ये पुढून मागे ताकद नेणारा शाफ्टच नाही आणि त्याच्यासाठी तळात असलेल्या रिकाम्या बोगद्यात बॅटरी. म्हणून सात माणसांची जागा शाबूत राहते. मांडणी फार सुंदर आहे, पण त्या बोगद्यात मावते तेवढीच बॅटरी: वापरण्याजोगी १४.७ युनिट. पुण्याला निघालात तर मोडनिंबच्या अलीकडे-पलीकडे ती संपेल, एक्स५ची टेंभुर्णीच्या आसपास. अक्कलकोटला जाऊन येणं एक्स५ला निव्वळ विजेवर जमतं, व्होल्वोला परतताना पेट्रोल लागतं. तुळजापूरला घाटाचा हिशोबही धरा. अडीच टन वजन १०० मीटर वर चढवायला पाऊण युनिटाच्या जवळपास वीज खर्च होते. उतरताना त्यातली थोडीफार परत मिळते.

दर आठवड्याला पुणे असेल तर मी दुसरीकडे बघेन. मर्सिडीजच्या जीएलई ३५०डीईमध्ये ३१.२ युनिटांच्या बॅटरीसोबत डिझेल इंजिन आहे, आणि लांब पल्ल्यात डिझेल आजही पेट्रोलपेक्षा काटकसरी आहे. लेक्सस आरएक्स ४५०एच प्लसची बॅटरी संपली तरी ती चांगल्या साध्या, म्हणजे प्लग नसलेल्या हायब्रिडसारखी चालत राहते. यातलं प्रत्येक मॉडेल आपल्याकडच्या शोरूममध्ये असेलच असं नाही, पण तुलनेची रीत तीच. आणि गाडी कोणतीही असो, हायवेला 'होल्ड' मोड लावून वीज हडपसरच्या पुढच्या ट्रॅफिकसाठी राखावी. एकसारख्या वेगात इंजिन त्यातल्या त्यात बरं काम करतं, तुंबलेल्या रस्त्यावर ते सगळ्यात उधळं होतं.

सोलापूरचा उन्हाळा या हिशोबात हमखास विसरला जातो. पारा ४३वर असताना एसीला दोन किलोवॉट लागतात असं धरू. ताशी ८०च्या वेगाने १०० किलोमीटरला त्याचे अडीच युनिट होतात. ताशी २०ने सरकताना तेच १० युनिट. म्हणजे मे महिन्यात गावातल्या गावात रेंज हायवेपेक्षा जास्त घटू शकते. पेट्रोलचाही प्रश्न येतो. साध्या गाडीत टाकीतली वाफ चालू इंजिन ओढून जाळतं. इथे इंजिन कित्येक दिवस सुरूच होत नाही, म्हणून टाकी दाब सहन करेल अशी बंदिस्त केलेली असते. पंपावर गेल्यावर आधी आतलं बटण दाबायचं, दाब उतरेपर्यंत काही क्षण थांबायचं, मगच झाकण उघडतं. नोझल हातात घेऊन उभ्या असलेल्या पोराला हे आधी सांगावं लागतं.

आता वीज कुठली, ते. सोलापूरजवळच्या फताटेवाडीचं एनटीपीसीचं १,३२० मेगावॉटचं केंद्र कोळशावर चालतं आणि देशाच्या ग्रिडची सरासरी युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड आहे. चार्जिंगमधली गळती धरून १०० किलोमीटरला ३२ युनिट लागले, तर २२ किलो झाले. पेट्रोलवर गावात लिटरला ८ पडले, तर १०० किलोमीटरला २९ किलो. हायवेला लिटरला १२ मिळाले, तर १९. म्हणजे गावात वीज जिंकते, हायवेला ग्रिडची वीज उलट थोडी मागेच पडते. हे मला मनापासून खटकतं, कारण डोक्यावर एवढं ऊन असताना आपण कोळशावर अडलो आहोत.

एक किलोवॉटचं सोलर पॅनल दिवसाला सरासरी चारेक युनिट देतं. एक्स५ची बॅटरी भरायला तसे सात किलोवॉट हवेत. घराच्या गच्चीवर तीन किलोवॉट बसवले तर ते घरातच संपतात, आणि ऊन असतं तेव्हा गाडी घरी नसतेच. ती चिंचोळी किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीत कारखान्याच्या शेडमध्ये दहा ते सहा उभी असते. साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर तीन किलोवॉटने आठ तासांत चोवीस युनिट मिळतात. चार्जिंग संथ आणि सावलीत असेल तर बॅटरी फारशी तापत नाही. हायवेवरून तापून आलेली गाडी भर दुपारी लगेच फास्ट चार्जरला लावणं मात्र टाळावं, उष्णतेने बॅटरीचं आयुष्य घटतं. घरी ७.४ किलोवॉटचा चार्जर बसवायचा तर महावितरणकडे मंजूर भार वाढवून घ्यावा लागू शकतो. मी असतो तर तो अर्ज करण्याआधी शेडच्या पत्र्यावर पॅनल आणि खाली एक पक्कं, अर्थिंग केलेलं सॉकेट बसवून घेतलं असतं.