तुरीवरचा ड्रोन आणि बिनचालकाची बंडी

सकाळचे सात वाजले असतील. यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीच्या अलीकडे, रस्त्याला लागून असलेल्या तुरीच्या वावरात धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ताडपत्री अंथरली होती. तिच्यावर चार बॅटऱ्या, दहा लिटरची टाकी, औषध मोजायचा प्लास्टिकचा पेला आणि सहा हात दुमडून बसलेलं ते यंत्र. बचत गटाची ताई रिमोट गळ्यात अडकवून वाऱ्याचा अंदाज घेत होती. तूर माझ्या खांद्याच्या वर गेलेली, फुलावर आलेली. वावराचे मालक, साठी ओलांडलेले काका, टाकीकडे बघत म्हणाले, "एकराले आमाले दहा पंप लागते ताई. तुमचं दहा लिटरमंधी कसं आटपते? हे फवारनं हाय का शिंपनं?"

काकांची शंका रास्त होती. आपल्याकडे फवारणीचा हिशोब पंपात चालतो. पाठीवरचा पंप पंधरा लिटरचा, म्हणजे एकरी दहा पंपांना दीडशे लिटर पाणी. ड्रोन तेवढंच औषध दहा लिटरमध्ये मिसळतो आणि पानांपर्यंत पोचवायचं काम थेंबाच्या आकारावर सोडतो. समजा, थेंब २०० मायक्रॉनचा आहे, म्हणजे साध्या कागदाचे दोन पदर एकावर एक ठेवल्याएवढा. दहा लिटरमध्ये असे जवळपास अडीचशे कोटी थेंब होतात. एका एकरावर सारखे पसरले, तर जमिनीच्या दर चौरस सेंटिमीटरला साठच्या आसपास पडतात. पाठीवरच्या पंपाचे थेंब मोठे असतात, पानावर एकत्र होऊन ओघळतात, आणि दीडशेतलं बरंच पाणी मातीत जातं. थेंबाची रुंदी निम्मी केली की त्याच पाण्यात थेंब आठपट होतात, ही साधी भूमिती ड्रोनच्या बाजूने आहे.

मग थेंब अजून बारीक का करू नये? तिथे वारा आडवा येतो. २०० मायक्रॉनचा थेंब सेकंदाला साधारण सत्तर सेंटिमीटर वेगाने खाली येतो. दोन मीटर उंचीवरून सुटला, तर तीन सेकंदांत पिकावर. १०० मायक्रॉनच्या थेंबाला तेच अंतर कापायला आठ सेकंद लागतात. ताशी दहा किलोमीटरचा वारा असेल, तर पहिला थेंब आठ-नऊ मीटर सरकतो आणि दुसरा वीस मीटरच्या पुढे, शेजाऱ्याच्या हरभऱ्यावर किंवा विहिरीत. पात्यांखालचा हवेचा झोत थेंबांना खाली रेटतो, म्हणून प्रत्यक्षात वाहून जाणं एवढं नसतं. तरीही ताई सकाळी सातला येते आणि दहाच्या सुमाराला गाशा गुंडाळते, त्यामागे हेच गणित आहे. तिने मूठभर माती हवेत सोडून बघितली, मग छोट्या वारामापकावरचा आकडा बघितला, आणि मगच बॅटऱ्या लावल्या.

ड्रोन उठला तेव्हा तुरीचे शेंडे चौफेर लवले, पानांच्या पांढुरक्या पाठी दिसल्या. काका दोन पावलं मागे सरकले.

पाठी दिसणं महत्त्वाचं, कारण मावा, तुडतुडे आणि पांढरी माशी पानाच्या खालच्या बाजूला बसतात. पण झोत शेंड्याला जेवढा हलवतो, तेवढा बुडाला हलवत नाही. दाटलेल्या कपाशीत खालच्या फांद्यांपर्यंत थेंब कमीच पोचतो, आणि बोंडात शिरलेल्या गुलाबी बोंडअळीला तर ड्रोन काय नि पंप काय, दोन्ही सारखेच. संत्र्याच्या डेरेदार झाडाच्या आतल्या भागाचंही तेच. माझ्या मते विदर्भात ड्रोनचं खरं पीक तूर आहे. फुलावरची तूर डोक्याएवढी होते. तिच्यात पाठीवर पंप घेऊन शिरणं म्हणजे औषध तोंडावर घेणं.

हे मी सहज म्हणत नाही. २०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्या वर्षी कपाशी वाढली होती माणसाएवढी, हवा दमट होती, आणि फवारणारा स्वतःच त्या धुक्यात चालत होता. ड्रोनने माणूस धुक्याच्या बाहेर उभा राहतो. अर्थात टाकी भरणारा बाहेर राहत नाही. त्याच्या हातातलं मिश्रण पंपातल्यापेक्षा पंधरापट तीव्र असतं, आणि त्या सकाळी टाकी भरणाऱ्या पोराच्या हातात मोजे नव्हते. ताईने त्याला झापलं तेव्हा ते पिशवीतून निघाले.

आता बाजाराकडे येऊ. देशातला ड्रोनचा बाजार खऱ्या अर्थाने २०२१ पासूनचा. त्या वर्षी ऑगस्टमध्ये नवे ड्रोन नियम आले. पंचवीस नमुन्यांचे अर्ज पाचांवर आले, आणि देशाच्या नकाशावर हिरवे, पिवळे, लाल पट्टे आखले गेले. हिरव्या पट्ट्यात चारशे फुटांपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही. आपली बहुतेक वावरं याच पट्ट्यात येतात. फेब्रुवारी २०२२मध्ये तयार विदेशी ड्रोन आणायला बंदी झाली, सुटे भाग मात्र येत राहिले. त्यामुळे 'देशी' ड्रोनच्या पोटात मोटर आणि बॅटरीचे सेल बरेचदा चिनी असतात. चीनने सप्टेंबर २०२३ पासून ड्रोनशी संबंधित काही वस्तूंच्या निर्यातीवर बंधनं घातली, तेव्हा ही गोम उघडी पडली. सप्टेंबर २०२५मध्ये ड्रोनवरचा जीएसटी सरसकट पाच टक्क्यांवर आला.

ताईचा ड्रोन ज्या योजनेतून आला, तिची घोषणा १५ ऑगस्ट २०२३ला लाल किल्ल्यावरून झाली आणि नोव्हेंबरमध्ये तिला मंजुरी मिळाली. नमो ड्रोन दीदी. बचत गटांना पंधरा हजार ड्रोन, १,२६१ कोटींची तरतूद, किमतीच्या ८० टक्के किंवा जास्तीत जास्त आठ लाखांचं अनुदान आणि पंधरा दिवसांचं प्रशिक्षण. आकडे मोठे आहेत, पण आकाशातल्या या धंद्याचं भवितव्य अनुदानापेक्षा बॅटरीत जास्त अडकलंय.

भरलेला ड्रोन पंचवीस किलोच्या आतला. तेवढं वजन सहा पात्यांवर हवेत नुसतं तरंगत ठेवायला अंदाजे तीन किलोवॅट शक्ती लागते, म्हणजे चार हॉर्सपॉवर. विहिरीवरच्या पंपाएवढी! आणि ती पुरवायची पाण्याच्या दोन बाटल्यांएवढ्या बॅटऱ्यांनी. बॅटरीच्या जोडीत पाऊण युनिटच्या आत वीज मावते. ती दहा-बारा मिनिटांत संपते, आणि तेवढ्यात जेमतेम एक-सव्वा एकर होतो. एक किलो लिथियम बॅटरीत पाव युनिटच्या आत ऊर्जा, तर एक किलो डिझेलमध्ये बारा युनिट. ट्रॅक्टरचं इंजिन त्यातली दोन तृतीयांश वाया घालवतं, तरी चार उरतात. म्हणूनच ट्रॅक्टर दिवसभर चालतो आणि ड्रोन दर दहा मिनिटांनी धुऱ्यावर येऊन बसतो.

विजेचा खर्च एकरी अर्धं युनिट, म्हणजे चहाच्या कपापेक्षा स्वस्त. खर्च आहे तो बॅटरी झिजण्याचा. दोन-तीनशे वेळा चार्ज केली की तिचा दम जातो. शिवाय वावरात लाइट कधी येईल याचा नेम नाही, म्हणून सोबत जनरेटर, तो न्यायला मालवाहू ऑटो, आणि एक मदतनीस.

ताडपत्रीवर बसून आम्ही वहीत हिशोब मांडला. एकरी चारशे रुपये भाडं, दिवसाला वीस एकर, तर दिवसाचे आठ हजार. हंगामात असे साठ दिवस मिळाले, तर चार लाख ऐंशी हजार. ऑटो, पेट्रोल, मदतनीस, बॅटरी, विमा वजा करूनही धंदा उभा राहतो. पण साठच्या जागी वीस दिवस मिळाले, तर एक लाख साठ हजार, आणि त्यात बॅटऱ्यांचा नवा जोडच जेमतेम निघेल. झड लागली की आठवडा जातो, वारा सुटला की अर्धा दिवस. वीस एकर सलग मिळत नाहीत, दोन एकर इथे, तीन एकर ओढ्यापलीकडे. ताई म्हणाली, "भाऊ, उडवाले वेळ नाही लागत. इकडून तिकडं न्यायलेच लागते." देशभरातल्या ड्रोन-बाजाराचं भाकीत कुणी करत असेल, तर ड्रोन किती विकले यापेक्षा एक ड्रोन हंगामात किती एकर फिरला हे त्याने आधी विचारावं. मला वाटतं, शेतकरी ड्रोन विकत घेणार नाही. मळणीयंत्रासारखा भाड्यानेच बोलावेल.

फवारणी सोडून बाकीचे धंदेही विदर्भात आहेत. खाणींना वर्षाकाठी ड्रोनने मोजणी करून चित्रं सादर करावी लागतात. २०२१च्या नियमानुसार वर्षाला दहा लाख टनांच्या वरचं उत्खनन किंवा पन्नास हेक्टरांच्या वरचा पट्टा असेल तर. हा नियम कोळसा आणि वाळू-मुरमासारखी गौण खनिजं सोडून इतर खनिजांच्या खाणींना लागू. त्यात भंडाऱ्याचं मँगनीज आलं, चंद्रपूरची चुनखडी आली. नागपूरला तर लष्करासाठी नागास्त्र बनतं. लक्ष्यावर घिरट्या घालून आदळणाऱ्या या ड्रोनची १२० नगांची पहिली खेप जून २०२४मध्ये सैन्याला मिळाली. पैसा आज इकडे जास्त आहे, हे कबूल करायला हवं.

माझं मन मात्र गडचिरोलीतल्या भामरागडला अडकतं. पर्लकोटा नदीला पूर आला की दरवर्षी ते गाव तुटतं. ऑक्टोबर २०२१मध्ये मणिपूरच्या लोकताक सरोवरातल्या करांग बेटावर ड्रोनने लस पोचवली गेली होती. रस्त्याने २६ किलोमीटर, हवेतून १५, वेळ १२ ते १५ मिनिटं. सर्पदंशावरचं औषध नदीपलीकडे पाठवायला याहून वेगळं तंत्र लागत नाही. पण वर्षातल्या मोजक्या दिवसांच्या अशा सेवेतून कुणाचा नफा निघणार नाही. तिथे सरकारनेच खिशात हात घालायला हवा.

उडणारं यंत्र गावात पोचलं, मग चालणारं का नाही? आर्णीहून परतताना काळीपिवळीत पुढे बसलो होतो. रस्ता मोकळा होता. तरी ड्रायव्हरने अचानक गाडी हळू केली. उजव्या बाजूच्या झुडपातून एक बकरी निघून निवांत पलीकडे गेली, आणि तिच्या मागे, चार सेकंदांनी, सुसाट पोरगं. मी ड्रायव्हरकडे बघितलं. तो म्हणाला, "बकरीमागं पोट्टं असतेच ना भाऊ."

कॅमेऱ्याला बकरी दिसली असती. पोरगं तेव्हा दिसायलाच नव्हतं. ड्रोनच्या आकाशात चारशे फुटांखाली फार तर बगळा आणि विजेची तार असते, आणि उपग्रहावरून आखलेल्या वाटेवर तो डोळे मिटून गेला तरी चालतं. रस्त्यावर मात्र दुसऱ्याच्या मनात काय आहे ते ओळखावं लागतं. हैदराबादच्या आयआयआयटीने इंटेलसोबत २०१८मध्ये भारतीय रस्त्यांच्या दहा हजार चित्रांचा संच तयार केला. त्यात ऑटोरिक्षा आणि जनावरं यांचे वेगळे वर्ग ठेवावे लागलेच, शिवाय डांबराबाहेरच्या, पण गरज पडली तर गाडी घालता येईल अशा मातीच्या पट्टीचाही एक वर्ग करावा लागला. आपण ज्याला साइड देणं म्हणतो, ते यंत्राला शिकवण्यासाठी!

स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या मानतात. दुसऱ्या पायरीवर गाडी पट्टा सांभाळते, ब्रेक लावते, पण नजर आणि जबाबदारी माणसाची. अशा गाड्या आपल्याकडे २०२१ पासून शोरूममध्ये आहेत. चौथ्या पायरीवर ठरावीक भागात माणूस लागतच नाही. ही पायरी मला आजोबांच्या बंडीवरून कळली. बाजारातून परतताना ते धुरकरीपण सोडून बंडीत झोपायचे आणि बैल बंडी बरोबर गोठ्यापुढे आणून उभी करायचे. तीच जोडी अनोळखी गावाच्या वाटेला लावली की पहिल्याच फाट्यावर थांबायची. अमेरिकेत फिनिक्स शहराच्या परिसरात २०२० पासून बिनचालकाच्या टॅक्सी फिरतात, त्याही अशाच ओळखीच्या, बारकाईने नकाशा काढलेल्या रस्त्यांवर.

नागपूरचे खासदार आणि केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी २०१७ पासून सांगत आलेत की बिनचालकाच्या गाड्या भारतात येऊ देणार नाही, चालकांचा रोजगार जाईल. भीती खरी आहे. पण हा विरोध मावळला, तरी त्या गाड्या यवतमाळच्या रस्त्यावर उद्या येणार नाहीत, त्या बकरीमुळे. दरम्यान चालकाला जागं ठेवणारी यंत्रं येतायत. २०२१मध्ये नागपुरात सुरू झालेल्या आय-रस्ते प्रकल्पात शहर बसना कॅमेरे लावले; समोर टक्कर होणार असेल तर ते चालकाला सावध करतात, आणि वारंवार इशारे मिळणाऱ्या जागा नोंदवून अपघात व्हायच्या आधीच दुरुस्तीला देतात. ७०१ किलोमीटरच्या, कुंपण घातलेल्या समृद्धीवर माणसाला डुलकी लागते, तिथे पट्टा सांभाळणारी गाडी खपेल. बाजार मला दिसतो तो असा, मदतनिसाचा.

आणि वावरात. ट्रॅक्टरला उपग्रहाचा संदेश आणि जमिनीवरच्या केंद्राची दुरुस्ती मिळाली, की तो दोन-तीन सेंटिमीटरच्या आत सरळ तास काढतो. तिफण धरणारा मुरलेला गडी आता मिळत नाही, आणि सोयाबीनच्या रुंद सरी वरंब्याला सरळ रेघ लागतेच. बिनचालकाचा ट्रॅक्टर २०१७मध्येच महिंद्राने दाखवला होता. सगळं यंत्र विकत घ्यायचीही गरज नाही, स्टिअरिंग धरणारा संच जुन्या ट्रॅक्टरला बसतो.

काकांना हे सांगितलं, तर त्यांनी पलीकडच्या धुऱ्याकडे बोट दाखवलं. दोन पिढ्यांपासून शेजाऱ्याशी भांडण, कोण किती कोरतो यावरून. ड्रोनने मोजणी झाली ती स्वामित्व योजनेत, गावठाणातल्या घरांची. वावराची हद्द अजून साखळीने मोजलेल्या जुन्या नकाशावर आहे.

"तुमचं यंत्र दोन बोटं इकडंतिकडं होत नाही, खरं," काका म्हणाले. "पन धुरा कुठं हाय, हे त्याले कोन सांगन? मी सांगू का तो?"