बडोद्यातली कॉलेजची कचेरी आणि विद्यार्थी-सेवेतली नोकरी: पार्श्वभूमी

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असलाच पाहिजे. शिक्षकांबरोबर शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनाही वर्षातून दोनदा प्रशिक्षण मिळालं पाहिजे. त्यामुळे समाजकार्य, मानसशास्त्र किंवा शैक्षणिक प्रशासन शिकणाऱ्या बडोद्याच्या मुलामुलींपुढे एक सरळ प्रश्न उभा राहतो: कॉलेजात शिकवायचं नसेल, पण कॉलेजातल्या मुलांसाठी काम करायचं असेल, तर त्यात आयुष्यभराची नोकरी आहे का? याचं उत्तर गेल्या पन्नास-साठ वर्षांत कुणी काय ठरवलं आणि काय ठरवायचं टाळलं, यात दडलेलं आहे.

फार मागे जायची गरज नाही, पण सुरुवात बडोदा संस्थानच्या महाराज सयाजीराव गायकवाडांपासूनच करावी लागते. बडोदा कॉलेज १८८१ साली निघालं आणि ते मुंबई विद्यापीठाला जोडलेलं होतं. परीक्षेचे अर्ज, फी, निकाल यांसाठी मुंबईकडे बघावं लागे. अभ्यासक्रम आणि परीक्षा मुंबईच्या, दप्तर मात्र बडोद्याचं. हे दप्तर सांभाळण्याचा सराव संस्थानाला चांगला होता. सक्तीचं प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ पासून सगळ्या राज्यात लागू झालं, तेव्हा गावोगावच्या मुलांच्या याद्या, गैरहजेरी आणि पालकांचा दंड हे सगळं कारकुनांनीच लिहिलं. आपल्याकडच्या कित्येक मराठी घरांत कचेरीची नोकरी आली ती याच वाटेने.

त्याच काळातली एक गोष्ट आजही या विषयाच्या मुळाशी आहे. महाराजांनी बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ साली परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. ती पोचलीही आणि त्यांचं न्यूयॉर्कमधलं शिक्षणही झालं. करारानुसार राज्याची नोकरी करायला ते १९१७ मध्ये बडोद्याला आले, तेव्हा या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तिथूनही त्यांना बाहेर काढलं गेलं. पैसा मंजूर करणारी यंत्रणा होती, पण तो माणूस गावात उतरल्यावर राहील कुठे, जेवील कुठे, त्याच्या पाठीशी कोण उभं राहील, हे बघणं कुणाचंच काम नव्हतं. विद्यार्थी-सेवा म्हणजे काय, हे याहून स्पष्ट कुठलाच अहवाल सांगू शकणार नाही.

१९४९ मध्ये बडोद्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं. पहिल्या कुलगुरू एक महिला होत्या. मुलं-मुली एकत्र शिकणाऱ्या विद्यापीठात हे देशात पहिल्यांदाच घडत होतं. विद्यापीठ निवासी धर्तीचं होतं. हॉस्टेलला इथे हॉल म्हणायची पद्धत पडली आणि हॉलचा वॉर्डन म्हणजे कुणीतरी प्राध्यापक, हे गृहीतच होतं. तेव्हाच्या विद्यार्थिसंख्येला ते चाललंही.

खरं घोडं पेंड खातं ते पुढे. १९६४-६६ च्या शिक्षण आयोगाने अगदी नेमकं लिहिलं होतं की विद्यार्थी-सेवा हे केवळ कल्याणकार्य नाही, तो शिक्षणाचाच अविभाज्य भाग आहे. नव्या मुलांची ओळख-सत्रं, आरोग्य, निवास, मार्गदर्शन, नोकरीसाठी मदत, आर्थिक साहाय्य ही कामं मोजून सांगितली होती. आणि या सगळ्यासाठी पूर्णवेळ विद्यार्थी-कल्याण अधिष्ठाता नेमावा, अशी शिफारस होती. आपल्याकडे त्याला सगळे डीएसडब्ल्यू म्हणतात. शिफारशीतला ‘पूर्णवेळ’ हा शब्द महत्त्वाचा होता, आणि नेमका तोच गळाला. बहुतेक विद्यापीठांनी पद निर्माण केलं, खुर्ची ठेवली आणि ती एखाद्या प्राध्यापकाला अतिरिक्त कार्यभार म्हणून दिली. ‘प्रभारी’ ही पाटी तेव्हापासून दारावर कायमची लागली.

या निर्णयाच्या बाजूचे मुद्दे कमकुवत नव्हते. प्राध्यापक मुलांना वर्गात रोज बघतो. विभागप्रमुखाशी तो बरोबरीने बोलू शकतो. कारकुनाला तिथे कुणी बसाही म्हणत नाही. संप, मोर्चा किंवा निवडणुकीतली हाणामारी झाली तर मुलं सरांचं ऐकतात. आणि नवं पद, नवी वेतनश्रेणी, नवं पेन्शन यांचा खर्च वाचतो. हा शेवटचा मुद्दा बैठकीत मोठ्याने मांडला जात नाही, पण निर्णय त्याच्यावरच होतो.

दुसरी बाजू आपण मुलांच्या अंगाने बघायला हवी. प्रभारी सरांचे तास सुटत नाहीत, पीएच.डी.चे विद्यार्थी सुटत नाहीत, आणि बढतीसाठी मोजले जातात ते शोधनिबंध. दोन-तीन वर्षांत कार्यभार दुसऱ्याकडे जातो. पहिल्याने जोडलेली माणसं, म्हणजे सयाजी हॉस्पिटलमधले ओळखीचे डॉक्टर, पोलीस चौकीतला समजूतदार जमादार, फी भरायला मदत करणारे ट्रस्टवाले, हे सगळं त्याच्याबरोबर निघून जातं. नव्याला पहिल्यापासून शिकावं लागतं. मधल्या काळात हॉलमधल्या एखाद्या मुलाने चार दिवस जेवण सोडलं असेल, तर ते मेसच्या आचाऱ्याला ठाऊक असतं आणि पट्टेवाल्याला ठाऊक असतं, ज्याच्या सहीला वजन आहे त्याला मात्र नसतं. माहिती एकाकडे आणि अधिकार दुसऱ्याकडे, अशी ही व्यवस्था आहे. ती बदलायची संधी १९६६ नंतर पुन्हा पुन्हा आली आणि दर वेळी टाळली गेली, असं माझं स्पष्ट मत आहे.

ही माहिती कुणाकडे साठत गेली, ते बघायचं तर ऐंशी-नव्वदच्या दशकातली कचेरी डोळ्यांपुढे आणावी. जूनचा महिना, खिडकीबाहेर रांग. धुळे-नंदुरबारकडून बारावी करून आलेला मुलगा. वडिलांची बदली बडोद्याला झालेली. महाराष्ट्र बोर्डाची मार्कशीट म्हणजे आधी एलिजिबिलिटी, म्हणजे प्रवेशाला पात्र असल्याचा दाखला, काढावी लागणार. बोर्डाचं मायग्रेशन सर्टिफिकेट आणलंय, पण एलसीवर, म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, शिक्षणाधिकाऱ्यांची काउंटरसाइन नाही. नियमाप्रमाणे खिडकीतून एवढंच सांगायचं असतं की कागद अपुरे आहेत. जाणता कारकून मात्र एका चिठ्ठीवर क्रमाने लिहून देतो: आधी शाळा, मग जिल्हा परिषदेची कचेरी, तिथे अमुक टेबल, तोवर प्रोव्हिजनल फॉर्म भरून ठेव, फीची शेवटची तारीख चुकवू नकोस. त्या चिठ्ठीने मुलाचं वर्ष वाचतं. अशी माणसं प्रत्येक फॅकल्टीत होती, आजही आहेत. पण सर्व्हिस बुकात त्यांच्या नावापुढे ज्युनियर क्लार्क लिहिलेलं असतं, आणि बढती होते ती सेवाज्येष्ठतेने आणि विभागीय परीक्षेने. मुलांशी कसं वागता, याला त्या परीक्षेत एकही गुण नाही.

पुढे बाहेरून रेटा आला. १९९४ मध्ये महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी राष्ट्रीय यंत्रणा उभी राहिली, आणि तिच्या सात निकषांपैकी पाचवा विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या साहाय्याबद्दल होता. मग प्रत्येक कॉलेजात प्लेसमेंट सेल, तक्रार निवारण सेल, महिला सेल अशा पाट्या लागल्या. काही ठिकाणी खरोखर काम झालं. पुष्कळ ठिकाणी फायली झाल्या, आणि त्या फायली लिहिणारा तोच खिडकीतला कारकून होता.

२००९ च्या रॅगिंगविरोधी नियमांत एक वाक्य आहे, ज्याच्याकडे फार कमी लोकांनी लक्ष दिलं. प्रत्येक हॉस्टेलला पूर्णवेळ वॉर्डन असावा, त्याने तिथेच किंवा निदान अगदी जवळ राहावं, आणि त्याची पात्रता ठरवताना शिस्तीबरोबर मुलांशी संवाद साधण्याचं, समुपदेशनाचं कौशल्यही बघावं. म्हणजे १९६६ चा ‘पूर्णवेळ’ पुन्हा कागदावर आला. अंमलात काय उरलं? दर वर्षी विद्यार्थी आणि पालकांकडून घ्यायची हमीपत्रं.

दरम्यान बडोद्यात विद्यार्थी वाढत गेले. हायर पेमेंटचे, म्हणजे जास्त फी घेऊन चालणारे, कोर्स निघाले. मंजूर पदं त्या वेगाने वाढली नाहीत, म्हणून हंगामी आणि कंत्राटी माणसं घेतली गेली. शिष्यवृत्तीचं काम डिजिटल गुजरात या सरकारी पोर्टलवर गेलं, तरी मुलाचं बँक खातं आधारला जोडलेलं नाही म्हणून पैसे अडकले की तो येतो याच टेबलाशी. आणि टेबलावर बसलेल्या मुलीचा स्वतःचा करार पुढच्या वर्षी राहील की नाही, हे तिलाच माहीत नसतं. तिने काय अनुभव साठवायचा आणि कुणासाठी?

२०२३ मध्ये राज्यातल्या ११ सरकारी विद्यापीठांसाठी एकच कायदा झाला. विद्यापीठाचा कारभार बघणारी सेनेट-सिंडिकेट ही मंडळं गेली, त्यांच्या जागी व्यवस्थापन मंडळ आलं. कायद्याच्या समर्थकांचं म्हणणं होतं की निवडणुकांचं राजकारण संपेल आणि निर्णय भराभर होतील. सेनेटमध्ये गटबाजी होती, हे कुणी नाकारत नाही. पण निकाल रखडला, हॉलमध्ये पाणी नाही, खिडकी बारालाच बंद होते, असले प्रश्न पदवीधरांचे निवडून आलेले प्रतिनिधी तिथेच उठून विचारत. ती जागा गेली. पाठोपाठ २०२४ मध्ये सगळ्या सरकारी विद्यापीठांच्या प्रवेशांसाठी एकच पोर्टल आलं. अर्ज ऑनलाइन झाला, चूक दुरुस्त करायला माणूस लागतो तो लागतोच.

२०२३ सालीच विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नवे केंद्रीय नियम आले. तक्रार समितीचे अध्यक्ष प्राध्यापक, सदस्य प्राध्यापक किंवा ज्येष्ठ शिक्षक, आणि विद्यार्थ्यांचा एक निमंत्रित प्रतिनिधी. मार्कशीट, फी परतावा, दाखले अशा कितीतरी तक्रारी ज्या खिडकीवर जन्मतात, त्या खिडकीतल्या कुणालाही समितीत जागा नाही.

आता नोकरीच्या वाटेचं. केंद्रीय नियमांनुसार असिस्टंट रजिस्ट्रारसाठी ५५ टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी लागते आणि सातव्या वेतन आयोगात ती श्रेणी ५६,१०० रुपयांपासून सुरू होते. म्हणजे असिस्टंट प्रोफेसरच्या सुरुवातीच्या मूळ पगारापेक्षा थोडंच कमी. पाच वर्षांच्या अनुभवावर डेप्युटी रजिस्ट्रारसाठी अर्ज करता येतो. रजिस्ट्रारपदासाठी १५ वर्षांचा प्रशासकीय अनुभव, त्यातली आठ वर्षं डेप्युटी रजिस्ट्रार म्हणून, ही एक वाट. प्राध्यापकीच्या अनुभवावर थेट तिथे पोचणं ही दुसरी. तेव्हा कचेरीच्या बाजूला शिडी आहे, अरुंद असली तरी आहे. विद्यार्थी-सेवेच्या बाजूला ती नाही. समुपदेशक, वॉर्डन, प्लेसमेंट अधिकारी यांनी सुरुवात केली तर दहा वर्षांनी ते कुठे असतील, हे कुठल्याच तक्त्यात सापडत नाही.

याची खंत बडोद्यात जास्त वाटते, कारण तयार माणसं इथेच घडतात. याच विद्यापीठात समाजकार्याची जुनी फॅकल्टी आहे, मानसशास्त्र आहे, मानव-विकासाचा विभाग आहे, शैक्षणिक प्रशासनाचा स्वतंत्र विभागसुद्धा आहे. तिथून शिकून निघालेली मुलं मुंबई-पुण्याच्या स्वयंसेवी संस्थांत, कंपन्यांच्या एचआरमध्ये जातात.

न्यायालयाच्या आदेशामुळे आता पदं भरावी लागतील. ती मंजूर पदं असतील की अकरा महिन्यांचे करार, समुपदेशक मानसशास्त्राच्याच एखाद्या मॅडमना अतिरिक्त कार्यभार म्हणून दाखवला जाईल की वेगळा नेमला जाईल, हे प्रत्येक संस्थेचं व्यवस्थापन ठरवणार आहे. जाहिरात निघाली की अर्ज करणाऱ्याने पगाराच्या आकड्याआधी या दोन ओळी वाचाव्यात: पद मंजूर आहे का, आणि पूर्णवेळ आहे का.