रिपोर्टमधलं अस्तर आणि तुमच्या पाळीची तारीख

परळच्या आमच्या सोनोग्राफी सेंटरमधून रिपोर्ट घेऊन निघालेल्या कितीतरी जणी अर्ध्या जिन्यातून परत वर येतात. बोट एका ओळीवर असतं: एंडोमेट्रियम ११ मिमी. ‘हे जास्त आहे ना?’ आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, पाळी कधी आली होती?

एंडोमेट्रियम म्हणजे गर्भाशयाचं, आपण पिशवी म्हणतो तिचं, आतलं अस्तर. त्याचा वरचा थर दर पाळीला गळून जातो. खालचा जागेवर राहतो आणि त्यातूनच नवा थर तयार होतो. जमीन तीच, सारवण नवं. पाळीच्या दिवसांत अस्तर साधारण १ ते ४ मिमी असतं. मग इस्ट्रोजेन या हार्मोनमुळे ते वाढतं, अंडं सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन त्याला गर्भ रुजण्याजोगं करतं. पाळीच्या आधीच्या दिवसांत ते १६ मिमीपर्यंत गेलं तरी चालतं. म्हणजे पाळी सुरू झाल्यापासून २२व्या दिवशीचे ११ मिमी अगदी ठीक, पाळी संपता संपता तेच ११ दिसले तर मात्र डॉक्टरांना विचारायला हवं.

परवा एक ताई म्हणाल्या, ‘गौरी जेवल्या ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी आली.’ आम्ही कालनिर्णयची पानं उलटून तारीख काढली. तसंही चालेल, पण घरच्या कॅलेंडरवर फुली मारलीत तर फार बरं.

मूल हवं असेल तर ७ मिमीपेक्षा पातळ अस्तराकडे डॉक्टर लक्ष देतात. वारंवार क्युरेटिंग, म्हणजे पिशवी आतून खरवडणं, झाल्याने अस्तराला इजा होते आणि ते पातळ राहतं. आपल्याकडे आणखी एक कारण असतं, पिशवीचा टीबी. त्यात खोकला असेलच असं नाही, म्हणून तो लवकर लक्षात येत नाही.

पीसीओएस या हार्मोनच्या बिघाडात अंडं वेळेवर सुटत नाही. प्रोजेस्टेरॉन मिळत नाही आणि अस्तर वाढतच राहतं. मग दोन-तीन महिने पाळी नाही, आणि आली की दहा-दहा दिवस अंगावरून जातं. असं होत असेल तर अंगावर काढू नका.

काकूंसाठी हे सगळ्यात महत्त्वाचं. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एकदा जरी डाग दिसला तरी ‘उष्णता झाली असेल’ म्हणून थांबू नका. अशा वेळी अस्तर ४ मिमीपेक्षा जाड दिसलं तर डॉक्टर त्याचा तुकडा तपासायला सांगतात. बहुतेकींमध्ये कॅन्सर निघत नाही. निघालाच, तर लवकर सापडलेला बहुतेकदा बरा होतो. आणि नुसत्या जाडीच्या आकड्यावरून कुणी पिशवी काढायला सांगितलं, तर दुसऱ्या डॉक्टरांना जरूर दाखवा.

पोटावरून सोनोग्राफी असेल तर लघवी तुंबलेली लागते, आतून, म्हणजे योनीमार्गातून, असेल तर मोकळं होऊन या. लग्न न झालेल्या मुलींची तपासणी आम्ही पोटावरूनच करतो. कर्जत-विरारहून येणाऱ्यांनी गाडीत पाणी पीत बसू नये, फार हाल होतात. इथे येऊन प्या, तोवर तुमचा नंबर आम्ही धरून ठेवतो. जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत आणा.