मनगटावरचे घड्याळ साखर मोजत नाही

परभणी-जालन्याच्या बाजारात हजार-दीड हजाराला मिळणारे स्मार्टवॉच सुई न टोचता रक्तातील साखर सांगते, हा समज बरीच वर्षे फिरतो आहे. तो चुकीचा आहे. घड्याळ उलटे केले की पाठीमागे हिरवा दिवा लुकलुकताना दिसतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते आणि प्रत्येक ठोक्याबरोबर मनगटातील रक्ताचे प्रमाण कमी-जास्त होते, त्यामुळे परतणाऱ्या प्रकाशाच्या चढउतारावरून नाडी मोजता येते. साखरेची तशी ठळक खूण मात्र त्यात उमटत नाही.

त्वचेला न टोचता स्वतः साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला वा अंगठीला मान्यता दिलेली नाही, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट केले. दंडावर चिकटवायच्या सेन्सरची गोष्ट वेगळी: त्याचा बारीक तंतू त्वचेखालील द्रवातील साखर मोजतो, घड्याळ तो आकडा फक्त दाखवते. सुईविना मोजणीवर संशोधन चालू आहे. तोवर अशा घड्याळाचा चुकीचा आकडा पाहून इन्सुलिनचे (साखर उतरवणाऱ्या औषधाचे) युनिट ठरवणाऱ्याची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.