'सगळे अँड्रॉइडच आहेत, काका': अँड्रॉइड स्टिरिओ की अँड्रॉइड ऑटो?

मामाची हॅचबॅक दहा-अकरा वर्षांची. इंजिन ठणठणीत, पण डॅशबोर्डवर अजून सीडीवाला टेप. त्याची मागणी साधी होती: चांदणी चौकात नेमका कुठला रॅम्प पकडायचा, हे मांडीवरच्या फोनमध्ये न डोकावता कळावं. म्हणून एका शनिवारी आम्ही पुण्यातली, गाडीच्या सामानाच्या दुकानांची नाना पेठ गाठली. मामानं विचारलं, "अँड्रॉइड ऑटो आहे का?" काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "सगळे अँड्रॉइडच आहेत, काका," आणि नऊ इंची स्क्रीन पुढ्यात ठेवली.

त्या 'च'मध्ये सगळा घोळ आहे.

अँड्रॉइड स्टिरिओ म्हणजे डॅशबोर्डात बसवलेला टॅब्लेट. त्याला स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची रॅम, स्वतःचा जीपीएस अँटेना. ॲप्स त्याच्यातच टाकायची, फक्त इंटरनेट तुमच्या फोनच्या हॉटस्पॉटवरून नाहीतर वेगळ्या सिमवरून द्यायचं. अँड्रॉइड ऑटोचं बरोबर उलटं. गूगलनं २०१५ मध्ये आणलेली ही सोय राहते तुमच्या फोनमध्ये. नकाशा फोन काढतो, गाणं फोन वाजवतो, "आईला फोन लाव" हेही फोनच ऐकतो. स्टिरिओ नुसती स्क्रीन, माइक आणि स्पीकर पुरवतो. आयफोनवाल्यांचं कारप्ले याच जातीचं. आणि गंमत म्हणजे, ज्याच्या खोक्यावर अँड्रॉइड ऑटो लिहिलेलं असतं तो सेट स्वतः अँड्रॉइडवर चालत असेलच असं नाही.

दुकानात ओळखायची युक्ती सोपी आहे. फोन खिशात ठेवा, ब्लूटूथ आणि हॉटस्पॉट बंद करा आणि सेटच्या मेनूत फिरून या. प्ले स्टोअर, ब्राउझर, यूट्यूब असलं काही दिसलं तर तो टॅब्लेट. रेडिओ, यूएसबी, ब्लूटूथ एवढंच दिसलं आणि फोन जोडल्यावर नकाशा उगवला, तर ते अँड्रॉइड ऑटो.

खरा फरक मात्र दुकानात नाही, ताम्हिणी घाटात कळतो. मुळशी मागे पडली की रेंज येते-जाते. आदल्या रात्री सोफ्यावर बसून तुम्ही फोनमध्ये ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवला असेल, तर अँड्रॉइड ऑटोवर तोच नकाशा चालतो, कारण नकाशा फोनचाच आहे. अँड्रॉइड स्टिरिओला तुमच्या फोनमधल्या नकाशाशी काही देणंघेणं नाही. त्याच्यासाठी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभं राहून, हॉटस्पॉट चालू करून, वेगळा नकाशा उतरवावा लागतो. मी तरी असं करणारा माणूस पाहिलेला नाही.

दुसरी गोष्ट म्हातारपणाची. फोन आपण तीन-चार वर्षांनी बदलतो. नवा फोन आला की अँड्रॉइड ऑटोही आपोआप ताजं होतं. डॅशबोर्डातला टॅब्लेट मात्र घेतला त्या दिवशी होता तेवढाच राहतो आणि ॲप्स दरवर्षी जड होत जातात. २ जीबी रॅमचा सेट दोन वर्षांत रडायला लागतो. घ्यायचाच तर ४ जीबीच्या खाली जाऊ नका. खोक्यावरच्या 'अँड्रॉइड १३'वर तर अजिबात भाळू नका. स्वस्त सेटमध्ये सेटिंग्जमध्ये दिसणारा तो आकडा बदलून ठेवलेला असतो, आत जुनंच काहीतरी चालू असतं. शिवाय पूर्ण बंद झालेला सेट चालू व्हायला वेळ घेतो. तो टाळण्यासाठी बरेच सेट बंद न होता झोपून राहतात आणि बॅटरीतून थोडा थोडा करंट ओढतात. गाडी पंधरा दिवस उभी राहिली की सकाळी स्टार्टर नुसता टकटक करतो, आणि शिव्या खातो बॅटरीवाला.

मग अँड्रॉइड स्टिरिओ कुणी घ्यावा? ज्याला बऱ्याचदा निम्म्या पैशांत मोठी स्क्रीन हवी, चारी बाजूंचे कॅमेरे जोडायचे आहेत, किंवा उभ्या गाडीत पोरांना कार्टून लावून द्यायचं आहे, त्यानं खुशाल घ्यावा. अँड्रॉइड ऑटोवर मनाला येईल ते ॲप चालत नाही आणि चालत्या गाडीत व्हिडिओ तर नाहीच. मला ते बरंच वाटतं. घरी यावरून मतभेद आहेत.

हल्ली बहुतेक अँड्रॉइड स्टिरिओंमध्ये झेडलिंकसारखं एखादं ॲप असतं, त्यातून अँड्रॉइड ऑटो आणि कारप्लेही चालतं. "दोन्ही आहे, काका" हे त्या पोराचं पुढचं वाक्य म्हणूनच खोटं नव्हतं. चालतं कसं, ते मात्र तिथेच स्वतःचा फोन जोडून दहा मिनिटं बघा. फोन आल्यावर समोरच्याला आवाज नीट जातो का, गाणं मध्येच तुटतं का, हे दहा मिनिटांत कळतं. 'फोन लिंक' किंवा 'मिरर' एवढंच लिहिलेलं असेल तर ती फोनच्या स्क्रीनची नुसती नक्कल. चालवताना बारीक अक्षरं टोचत बसायची.

बसवताना काय बघायचं ते कुठलाही सेट घेतला तरी तेच. जुन्या टेपची जागा डबल डिन, म्हणजे १८० बाय १०० मिलिमीटर असेल तर सात इंची सेट बसतो. नऊ इंचीला तुमच्या मॉडेलची वेगळी फ्रेम लागते. गाडीचा कपलर, म्हणजे मूळ वायरिंगला थेट बसणारा प्लग मागा आणि वायर कापू देऊ नका. साधारणपणे पिवळी वायर बॅटरीची आणि लाल किल्लीची. घाईत दोन्ही एकत्र पिळून ठेवल्या तर किल्ली काढली तरी सेट चालूच राहतो. खोक्यावरचा 'चार गुणिले ५० वॉट' हा स्पीकरना मिळणाऱ्या ताकदीचा आकडा कमाल मर्यादेचा, सलग मिळणारी ताकद त्याच्या निम्म्याहूनही कमी.

मामानं शेवटी सात इंची, वायरनं जोडायचा अँड्रॉइड ऑटोवाला सेट घेतला. वायरलेस नको म्हणाला. मे महिन्यात फोन तापतो, आणि चार्जिंगला वायर लावायचीच आहे. मामीचं म्हणणं, एवढे पैसे घालून स्क्रीन लहानच. दोन दिवसांनी मामाचा फोन: "अरे, बंद पडलं तुझं ते ऑटो. चार्जिंग होतंय, नकाशा येत नाही." सिग्नलवर घेतलेली पन्नास रुपयांची केबल होती; तिच्यात डेटाच्या तारा नव्हत्याच. फोनच्या खोक्यातली मूळ केबल लावली आणि नकाशा आला.