मलम नंतर, आधी थर्मामीटर

मगरीच्या कातडीला काय धाड भरणार, असं आपल्याला वाटतं. पाठीवरच्या खवल्यांखाली चक्क हाडांच्या चकत्या असतात ना! पण बंदिस्त जागेत वाढणाऱ्या मगरींना त्वचाविकार सर्रास होतात.

रोग कशाला म्हणायचं नाही, ते आधी पाहू. पाठीवर चढलेलं हिरवं शेवाळ निरुपद्रवी असतं. सापाची कात अखंड निघते, मगरीचे खवले मात्र सुटे सुटे सोलवटतात. तोही आजार नव्हे. खऱ्या मगरीच्या पोटावर प्रत्येक खवल्याच्या मागच्या कडेला बारीक ठिपका दिसतो. ते दाब ओळखणारं इंद्रिय आहे. अ‍ॅलिगेटर आणि केमन या मगरीच्या भाऊबंदांना असे ठिपके फक्त डोक्यावर, जबड्यांभोवती असतात. म्हणजे अ‍ॅलिगेटरच्या पोटावर ठिपके दिसले, तर रोगाची शंका घ्यायलाच हवी.

रोग बहुधा दोन खवल्यांमधल्या मऊ घडीत शिरतो, कारण तिथं केराटिनचा, म्हणजे नखांसारख्या टणक द्रव्याचा, थर पातळ असतो. या घडीत तपकिरी डाग पडले की डर्मॅटोफिलस या जिवाणूचा संशय येतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे गोल कण आगगाडीच्या रुळांसारखे समांतर ओळींत दिसतात. पिल्लांच्या अंगावर करडे किंवा तपकिरी चामखीळवजा फोड आले, तर पॉक्सविषाणू असू शकतो. बुरशीचे चट्टेही असेच फसवे असतात. म्हणून नुसत्या नजरेनं निदान करू नये, त्वचेचा तुकडा तपासायला पाठवावा, आणि तोही औषध लावण्याआधी.

आता मुद्द्याचं. मगरीचं शरीर साधारण 30 ते 33 अंश सेल्सिअसला उत्तम चालतं, पण ही ऊब तिला बाहेरूनच मिळवावी लागते. पाणी गार राहिलं की पांढऱ्या पेशींची हालचाल मंदावते, प्रतिपिंडं उशिरा तयार होतात. पाण्यातल्या बऱ्याच बुरशी आणि जिवाणू मात्र 25 अंशांनाही मजेत वाढतात. संसर्ग झालेले सरपटणारे प्राणी नेहमीपेक्षा उबदार जागा शोधतात. हा त्यांनी स्वतःच आणलेला ताप. सगळी टाकी एकाच तापमानाची असेल, तर त्यांनी जायचं कुठं? प्रतिजैविकांचंही तेच. थंड शरीरातून औषध सावकाश बाहेर पडतं, म्हणून तापमान ठाऊक नसताना दोन इंजेक्शनांमधलं अंतर ठरवलं, तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. त्यातून मगरीचा पू पातळ नसतो. तिच्या हेटेरोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींत पू विरघळवणारी विकरं अपुरी पडतात, त्याचा घट्ट गोळा होतो आणि त्यात औषध शिरत नाही. तो कापूनच काढावा लागतो.

मगरीच्या चरबीचं तेल त्वचेच्या हरेक तक्रारीवर रामबाण म्हणून विकलं जातं. ती चरबी अंगातच बाळगणाऱ्या मगरीला बुरशी होते, एवढं आठवलं तरी पुरे.

उपचार म्हणजे बरीचशी घरदुरुस्तीच. गर्दी कमी करायची, खरबरीत सिमेंट घासून गुळगुळीत करायचं, पाणी वारंवार बदलायचं, अंग पूर्ण कोरडं होईल अशी उबदार जागा द्यायची. जखमेवर सौम्य पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक चालतं. पॉक्सवर औषध नाही. परिस्थिती सुधारली की बहुतेक पिल्लं हळूहळू आपसूक बरी होतात. मिठाच्या पाण्याचाही उपयोग होतो, पण सरसकट नाही. खऱ्या मगरींच्या जिभेवर जादा मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात. अ‍ॅलिगेटर आणि केमन यांना ती सोय नसल्यानं मीठ किती आणि किती वेळ, हे पशुवैद्यकानंच ठरवावं.