आफ्रिकेतले गेंडे : आकडे आहेत, पण उद्यानवार का मिळत नाहीत?

काझीरंगात २०२२ साली २,६१३ गेंडे मोजले गेले आणि तो आकडा आपल्याकडे रीतसर छापून आला. त्याच सवयीने आफ्रिकेतल्या एखाद्या उद्यानात किती गेंडे आहेत हे शोधायला बसावे, तर हाती बहुधा देशाची एकूण बेरीजच लागते. माहिती नाही असे मुळीच नाही. ती आहे, चांगली तपशीलवार आहे, पण मुद्दाम झाकलेली आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वी परिस्थिती उलटी होती : आकडे खुले होते आणि त्यातले बरेचसे कच्चे.

काळ्या गेंड्यांबद्दल ‘१९६० च्या सुमारास एक लाख’ हे वाक्य जिथे तिथे भेटते. ती शिरगणती नव्हे, मागाहून बांधलेला अंदाज आहे. १९७० साठी सांगितला जाणारा ६५,००० हा आकडासुद्धा असाच अंदाज. १९९०च्या दशकाच्या मध्याचा साधारण २,४०० हा आकडा मात्र बराच भरवशाचा, कारण तोवर जनावरे इतकी थोडी उरली होती की ती एकेक करून मोजता येत होती.

पांढऱ्या गेंड्यांची गोष्ट निराळी. दक्षिणेकडील पांढरे गेंडे (ही त्यांची एक उपजाती) विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जवळजवळ फक्त दक्षिण आफ्रिकेतल्या झुलूलँडमधल्या उम्फोलोझी या राखीव जंगलात उरले होते. १९५३ मध्ये वनरक्षक इयन प्लेयर यांनी छोट्या विमानातून तिथे गणना केली आणि ४३७ गेंडे भरले. हा आकडा नुसता नोंदवहीत पडून राहिला नाही. संख्या वाढत गेली, जागा अपुरी पडू लागली आणि १९६१ पासून गेंडे दक्षिण आफ्रिकेतल्याच क्रूगर राष्ट्रीय उद्यानात हलवायला सुरुवात झाली. क्रूगरच्या प्रदेशातून पांढरा गेंडा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच संपला होता. आज तिथे दिसतो तो या हलवलेल्या कळपांचा वंश.

१९६०च्या दशकात टांझानियातल्या गोरोंगोरो या ज्वालामुखीच्या विवरात जीवशास्त्रज्ञ जॉन गॉडार्ड यांनी वेगळी वाट धरली. शिंगांची ठेवण, कानाची फाटलेली कड, नाकपुडीवरच्या सुरकुत्या यांवरून त्यांनी एकेका काळ्या गेंड्याची ओळख पक्की केली. विवरात असे १०८ गेंडे नोंदले गेले. पुढे अनेक उद्यानांत हीच पद्धत मुरली. आता गेंड्याला बेशुद्ध करून कानाला खाचा पाडतात. प्रत्येक जागेच्या खाचेला ठरावीक किंमत असते. दोन्ही कानांची बेरीज केली की जनावराचा क्रमांक निघतो. दुर्बीण लावून बसलेला वनरक्षक लांबूनच तो वाचतो. नामिबियातल्या एटोशा उद्यानात कोरड्या ऋतूच्या शेवटी पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर बसून मोजणी होते, कारण काळा गेंडा दिवसभर झुडपात दडतो आणि अंधार पडल्यावर पाण्यावर येतो.

क्रूगरला हे परवडत नाही. जवळपास वीस हजार चौरस किलोमीटरचे हे उद्यान. तिथे निवडलेल्या चौकोनांवरून हेलिकॉप्टर फिरवतात आणि त्यावरून अंदाज काढतात. म्हणून उत्तर एका आकड्यात येत नाही. २०१५ मध्ये ८,३६५ ते ९,३३७ पांढरे गेंडे. २०१६ मध्ये ६,६४९ ते ७,८३०. बातम्यांत यातले एकच टोक किंवा मधला आकडा उचलला जातो आणि मग दोन वर्षांची तुलना फसते. हा कमी-जास्तीचा पट्टा न देणाऱ्या आकड्यावर मी तरी विश्वास टाकणार नाही.

पायी शोधाचेही धोके आहेत. कॅमेरूनमध्ये पश्चिमेकडील काळ्या गेंड्याचा २००६ मध्ये कसून शोध घेतला, एकही सापडला नाही. त्याआधी मिळालेले काही ठसे बनावट निघाले; नोकरी टिकावी म्हणून माग काढणाऱ्यांनीच ते उमटवले होते. २०११ मध्ये ही उपजाती नामशेष झाल्याचे जाहीर झाले.

आकडे झाकले जाऊ लागण्याचे कारण चोरटी शिकार. दक्षिण आफ्रिकेत २००७ मध्ये १३ गेंडे मारले गेले होते, २०१४ मध्ये १,२१५. अमुक राखीव क्षेत्रात इतके गेंडे, ही ओळ शिंगांच्या तस्कराला आयता पत्ता ठरते. त्यामुळे ‘आययूसीएन’ या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेचा आफ्रिकी गेंडा तज्ज्ञ गट देशोदेशींचे तपशील गोळा करतो, पण ‘साइटस’ या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिषदांपुढे ठेवल्या जाणाऱ्या अहवालांत साधारणपणे देशवार बेरजाच असतात. लहान राखीव क्षेत्रांची नावे त्यात शोधू नयेत. क्रूगर ठळक अपवाद : तिथली पांढऱ्या गेंड्यांची संख्या दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय उद्यान संस्थेच्या वार्षिक अहवालांत आली, म्हणूनच २०११ च्या सुमारे साडेदहा हजारांवरून २०२० मध्ये २,६०७ पर्यंतची घसरण जगाला कळली. त्यात शिकारीबरोबर दुष्काळाचाही वाटा होता.

२०२४ अखेरच्या हिशेबाने खंडात २२,५४० गेंडे आहेत : १५,७५२ पांढरे, ६,७८८ काळे. मात्र ही बेरीज म्हणजे सरकारी उद्यानांतले गेंडे असे धरून चालू नये. दक्षिण आफ्रिकेतले निम्म्याहून जास्त पांढरे गेंडे खासगी मालकांच्या जमिनीवर आहेत.